ग्राहकाने गाणी चोरली, तर जबाबदार कोण? इंटरनेट पुरवठादार आणि संगीत पायरसी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावात फायबर ओढणारे ऑपरेटर, अभ्यासिका आणि मोबाइल दुकानं चालवणारे, घरी कनेक्शन घेतलेले ग्राहक आणि ज्यांची गाणी चोरीला गेली ते कलावंत, या सगळ्यांकडून मराठवाडाभरातून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भारतीय कायद्याप्रमाणे आहेत. परदेशातलं काही आलं असेल तर तिथे तसं सांगितलं आहे. न्यायालयाचं समन्स हातात पडलेलं असेल तर हे पान नंतर वाचा. आधी त्यावरची तारीख बघा आणि वकील गाठा.

१. आमच्या कनेक्शनवरून ग्राहक फुकट गाणी उतरवतो. केस आमच्यावर होते का?

त्याने गाणी उतरवली एवढ्यावरून नाही. दोन कायदे तुमच्या बाजूने आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ प्रमाणे, दुसऱ्याची माहिती फक्त इकडून तिकडे पोचवणारा 'मध्यस्थ' त्या माहितीबद्दल जबाबदार धरला जात नाही. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ५२(१)(ब) सांगतं, की माहिती पोचवण्याच्या तांत्रिक प्रक्रियेत जी क्षणभराची साठवण होते तो कॉपीराइटचा भंग नाही. गाण्याचा डेटा तुमच्या स्विचमधून गेला म्हणून तुम्ही चोर ठरत नाही.

पण हे संरक्षण अटींवर आहे. पाठवणं तुम्ही सुरू करायचं नाही, कोणाला जावं ते तुम्ही ठरवायचं नाही, मजकुरात हात घालायचा नाही आणि नियमांनी सांगितलेली काळजी घ्यायची. चोरीला मदत केली, चिथावणी दिली किंवा नेमकी माहिती मिळूनही काही केलं नाही, तर कलम ७९(३) हे कवच काढून घेतं. व्यवहारात ऑपरेटर अडकतात ते अशाच कारणांनी (प्रश्न ३ आणि १२).

२. लायसन्स मोठ्या कंपनीचं आहे, आम्ही फक्त फ्रँचायझी. मग नोटीस आम्हाला लागू होते का?

कायद्यातली 'मध्यस्थ'ची व्याख्या लायसन्स बघत नाही, काम बघते. दुसऱ्याच्या वतीने माहिती स्वीकारणारा, साठवणारा, पोचवणारा किंवा त्यासंबंधी सेवा देणारा कोणीही त्यात येतो. सायबर कॅफेचं तर नावच व्याख्येत आहे. म्हणजे संरक्षणही तुम्हाला मिळतं आणि अटीही तुम्हालाच लागू होतात.

दूरसंचार विभागाला उत्तर देण्याची जबाबदारी मात्र लायसन्सधारकाची. अ वर्गाचं लायसन्स देशभर, ब वर्गाचं एका दूरसंचार सर्कलपुरतं आणि क वर्गाचं त्याहून लहान क्षेत्रापुरतं चालतं. तुमच्या करारात दोन गोष्टी स्पष्ट आहेत का ते बघा : ग्राहकाच्या लॉगिनचा लॉग कोणाकडे राहतो, आणि नोटीस आली तर किती तासांत कोणी कोणाला कळवायचं. बहुतेक करारांत महसुलाची वाटणी दशांशापर्यंत लिहिलेली असते आणि या दोन ओळी नसतात. मग नोटीस मुंबईत पडून राहते आणि फोन तुम्हाला येतो.

३. पोरं टोरेंटवरून (वापरणारे एकमेकांना फाइल वाटतात ती पद्धत) गाणी घेतात हे अख्ख्या गावाला माहीत आहे. म्हणजे कायद्याने आम्हालाही 'माहीत होतं' असं धरणार का?

नाही. या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल याच मुद्द्यावर आहे. एका मोठ्या संगीत कंपनीने मायस्पेस या, लोक गाणी टाकत त्या साइटविरुद्ध लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०११ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने दिला. २३ डिसेंबर २०१६ ला खंडपीठाने तो फिरवला. खंडपीठाचं म्हणणं असं, की 'आपल्याकडे चोरीचा माल असतो' ही मोघम जाणीव पुरेशी नाही. कोणतं गाणं, कुठे आहे, याची नेमकी माहिती मिळालेली असली पाहिजे.

याच निकालाने आणखी एक गाठ सोडवली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८१ मध्ये लिहिलं आहे, की हा कायदा कॉपीराइटधारकाच्या हक्कांआड येणार नाही. त्यावरून कॉपीराइटच्या बाबतीत कलम ७९ लागूच होत नाही, असा युक्तिवाद होत असे. खंडपीठाने दोन्ही कायदे एकत्र वाचायला सांगितले आणि संरक्षण शाबूत ठेवलं.

इथेच एक जण हमखास विचारतो, की श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये 'माहिती म्हणजे न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश' असं म्हटलं होतं ना? म्हटलं होतं. पण कॉपीराइटच्या बाबतीत हक्कधारकाची नेमकी, तपशीलवार नोटीसही पुरेशी ठरू शकते, असं मायस्पेसच्या निकालात आहे. म्हणून 'कोर्टाचा कागद आणा, मग बोलू' हे उत्तर प्रत्येक नोटिशीला चालत नाही.

४. इंग्रजीतून ईमेल आली आहे. 'डीएमसीए', आयपी ॲड्रेस (कनेक्शनचा इंटरनेटवरचा क्रमांक) आणि गाण्याचं नाव लिहिलं आहे. काय करायचं?

डीएमसीए हा अमेरिकेचा कायदा आहे, तो जालन्यातल्या ऑपरेटरला बांधत नाही. पण ईमेल कचऱ्यात टाकू नका, कारण त्यातला तपशील भारतीय कायद्यानेही 'नेमकी माहिती' म्हणून तुमच्यासमोर ठेवता येतो.

ही ईमेल तुमच्या आयपी ॲड्रेसच्या नोंदणीत जो तक्रारीचा पत्ता आहे तिथे येते. भारतात आयपी ॲड्रेस आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था वाटते. तिथे नोकरी सोडून गेलेल्या इंजिनिअरची ईमेल पडून असेल तर नोटिशी येतात आणि कोणी वाचत नाही. न्यायालयात 'मिळालीच नाही' म्हणणं मग अवघड जातं. आधी तो पत्ता दुरुस्त करा.

नंतर असं करा. ईमेल मूळ स्वरूपात, हेडरसकट जपून ठेवा. नोंदवहीत तारीख, पाठवणारा, आयपी, पोर्ट (एकाच आयपीवरची कनेक्शनं वेगळी ओळखणारा क्रमांक), वेळ आणि गाणं लिहा. तो आयपी त्या वेळी खरोखर तुमचा होता का ते तपासा. ग्राहक सापडला तर सूचना त्याला पुढे पाठवा, सोबत दोन ओळींचं मराठी पत्र : तुमच्या कनेक्शनबद्दल अशी तक्रार आहे, वायफायचा पासवर्ड बदला, टोरेंट चालू असेल तर बंद करा. पाठवणाऱ्याला एक वाक्याचं उत्तर द्या, की तक्रार मिळाली आणि ग्राहकाला कळवली. बस. गुन्हा कबूल करू नका आणि ग्राहकाचं नाव कळवू नका (प्रश्न ५).

'अमुक डॉलर भरा, नाहीतर खटला' अशी लिंक ईमेलमध्ये असेल तर त्यावर पैसे भरू नका, ग्राहकालाही भरायला सांगू नका. अशा ईमेलमध्ये खरे दावेदार असतात तसे भामटेही असतात, आणि ईमेल वाचून दोघांतला फरक कळत नाही.

५. कंपनी ग्राहकाचं नाव-पत्ता मागते आहे. द्यायचा का?

खासगी कंपनीला, तिच्या वकिलाला किंवा 'अँटी पायरसी एजन्सी'च्या माणसाला नाही. तो ओळखपत्र गळ्यात घालून दुकानात आला तरी नाही. कराराने मिळालेली ग्राहकाची वैयक्तिक माहिती बाहेर देणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२-अ खाली गुन्हा होऊ शकतो.

न्यायालयाने आदेश दिला तर द्यायची. पोलिसांनी मागितली तर ठाणेदाराच्या सहीचं, गुन्हा क्रमांक असलेलं लेखी पत्र घ्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली त्यांना कागद मागवता येतात. पत्रात जेवढं मागितलं तेवढंच द्या. एका ग्राहकाची एका तासाची नोंद मागितली असेल तर सगळ्या गावाची एक्सेल फाइल पाठवायची नसते. माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुन्या कायद्यातलं ६५-ब ते हेच. १ जुलै २०२४ पासून नमुना बदलला आहे आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) भरावी लागते.

६. एकाच पब्लिक आयपीवर आमचे पन्नास-साठ ग्राहक असतात. गाणं कोणी उतरवलं ते कसं कळणार?

नुसत्या आयपीवरून कळणार नाही. अंदाजाने नाव सांगायचं नाही, हा पहिला नियम. सार्वजनिक आयपी, सोर्स पोर्ट, तारीख, सेकंदापर्यंत वेळ आणि टाइम झोन, हे पाचही हवेत. नोटिशीत पोर्ट नसेल तर 'पोर्टशिवाय ग्राहक ओळखता येत नाही' असं लेखी कळवा. ते खरंही आहे आणि पुरेसंही.

वेळेत बरेच जण घसरतात. परदेशी नोटिशीत वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते, आपली वेळ साडेपाच तास पुढे. नोटिशीत ३ मार्च, १९:१० असेल तर आपल्याकडे ती ४ मार्चची रात्री १२:४० ही वेळ झाली. तारीखच बदलते, आणि ३ तारखेचा लॉग काढणारा भलत्याच घरावर बोट ठेवतो.

दुसरी गडबड विजेची. घड्याळाची बॅटरी नसलेले बरेच राउटर लाइट जाऊन आली की चुकीच्या तारखेवर, कधी थेट १९७० वर उठतात. एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणारी सोय) चालू नसेल तर त्यानंतरचा सगळा लॉग पुरावा म्हणून निरुपयोगी. लोडशेडिंगच्या भागात तर प्रत्येक पीओपीवर (जिथून ग्राहकांच्या जोडण्या निघतात त्या ठिकाणी) एनटीपी चालू आहे का, हे महिन्यातून एकदा बघितलंच पाहिजे.

लॉगचा ढीग होतो ही तक्रार बरोबर आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे पोर्टचे ठरीव गट. १०२४ ते ६५५३५ ही ६४,५१२ पोर्ट होतात. प्रत्येक ग्राहकाला १,००८ पोर्टचा गट दिला तर एका आयपीवर बरोबर ६४ ग्राहक बसतात. मग प्रत्येक कनेक्शनची ओळ लिहायची गरज उरत नाही. कोणता गट कोणाकडे आणि कधीपासून कधीपर्यंत, एवढं पुरतं. पण हे फक्त ग्राहक ओळखण्यापुरतं. लायसन्सखाली ज्या आयपी नोंदी ठेवायच्या असतात त्या वेगळ्या. डिसेंबर २०२१ च्या बदलानंतर त्या किमान २ वर्षं जपाव्या लागतात, आधी मुदत १ वर्ष होती.

७. अमेरिकेत एका पुरवठादाराला एक अब्ज डॉलरचा दंड झाला म्हणे. आपल्याकडेही तसं होईल का?

व्हॉट्सॲपवर फिरतो तो आकडा खरा आहे, पण अर्धा. सोनी आणि इतर संगीत कंपन्यांच्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्युरीने कॉक्स कम्युनिकेशन्सविरुद्ध १ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. १०,०१७ कृती (कॉपीराइट असलेल्या रचना), प्रत्येकी ९९,८३०.२९ डॉलर. फॉरवर्डमध्ये नसतं ते पुढचं : फेब्रुवारी २०२४ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने ती रक्कम रद्द केली. ग्राहक दरमहा ठरलेलं बिल भरतो, चोरी केली म्हणून जास्त भरत नाही, तेव्हा पुरवठादाराने चोरीतून नफा कमावला असं म्हणता येत नाही, हे त्याचं कारण. माहीत असूनही चोरीला हातभार लावला, हा ठपका मात्र त्या न्यायालयाने कायम ठेवला आणि मग प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं.

ठपका कशावरून बसला ते ऑपरेटरनी बघण्यासारखं आहे. २०१३ आणि २०१४ या दोन वर्षांत कॉक्सकडे या कंपन्यांच्या १,६३,१४८ नोटिशी आल्या. त्या काळात कॉपीराइटच्या कारणावरून तोडलेली कनेक्शनं ३२. बिल थकलं म्हणून तोडलेली सहा लाखांवर.

आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अमेरिकेत हेतुपुरस्सर भंगाला एका कृतीमागे १,५०,००० डॉलरपर्यंत ठरीव भरपाई मागता येते. भारतीय कायद्यात अशी ठरीव रक्कम नाही, नुकसान किंवा नफा दाखवावा लागतो. आणि ज्युरी नाही. ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने तर २० एप्रिल २०१२ ला आयआयनेट या पुरवठादाराला पूर्ण मोकळं केलं. कनेक्शन तोडण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं आणि नोटिशींतली माहितीही तेवढ्यासाठी पुरेशी नव्हती, असं ते न्यायालय म्हणालं.

८. मग वारंवार तक्रार येणाऱ्या ग्राहकाचं कनेक्शन तोडायचं का?

भारतात तसा सक्तीचा नियम नाही. वारंवार भंग करणाऱ्यांना काढण्याचं धोरण ही अमेरिकन कायद्याची अट आहे. आपल्याकडच्या २०२१ च्या मध्यस्थ नियमांप्रमाणे दुसऱ्याच्या कॉपीराइटचा भंग करू नका हे वापराच्या अटींत असावं लागतं, आणि अटी मोडल्यास सेवा बंद करण्याचा अधिकार आम्हाला आहे हे ग्राहकांना वेळोवेळी कळवावं लागतं. अधिकार आहे, बंधन नाही.

आमचं मत : तोडू नका, पण हातावर हात ठेवूनही बसू नका. पहिल्या तक्रारीला सूचना, दुसरीला फोन आणि पासवर्ड बदलून देणं, त्यानंतर लेखी समज. कनेक्शन एका माणसाचं नसतं. त्यावर घरातली मुलगी नीटची तयारी करते, वडील पीक विम्याचा अर्ज भरतात. आणि तोडलंच तर अटी दाखवून, आधी लेखी मुदत देऊन तोडा, नाहीतर ग्राहक आयोगात तुम्हालाच उभं राहावं लागेल.

९. '२१ दिवसांचा नियम' काय आहे? तो आम्हाला लागू होतो का?

कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(क) आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५ मिळून तो बनतो. हक्कधारकाने लेखी तक्रार द्यायची. तीत कृतीचं वर्णन, मालकीचा पुरावा, चोरीची प्रत नेमकी कुठे आहे, आणि सक्षम न्यायालयात दावा लावून २१ दिवसांत आदेश आणून देईन अशी हमी, हे हवं. तक्रार पटली तर ३६ तासांत त्या प्रतीकडे जाणारी वाट बंद करायची आणि बंद का केली ते तिथे लावायचं. २१ दिवसांत आदेश आला नाही तर वाट पुन्हा उघडता येते, आणि त्याच ठिकाणच्या त्याच कृतीबद्दल त्याच माणसाच्या पुढच्या नोटिशीला उत्तर देण्याचं बंधन राहत नाही.

हा नियम लिंक देणारे, कॅशे (मागितलेल्या मजकुराची जवळ ठेवलेली प्रत) ठेवणारे, शोधून देणारे यांच्यासाठी आहे. फक्त वायर पुरवणाऱ्याकडे, टोरेंटच्या बाबतीत, बंद करण्यासारखी प्रतच नसते. तो ५२(१)(ब) मध्ये बसतो. तुम्ही कॅशे सर्व्हर किंवा होस्टिंग देत असाल तर मात्र ३६ तासांचं घड्याळ तुमच्यासाठी आहे.

१०. गाण्यांच्या साइट बंद करण्याचा आदेश आला आहे, आणि दाव्यात आमचं नाव 'प्रतिवादी' म्हणून आहे! आम्ही काय गुन्हा केला?

काहीही नाही. अशा दाव्यांत पुरवठादारांना प्रतिवादी करतात ते आदेश त्यांच्याकडून अमलात आणता यावा म्हणून; भरपाई साइटवाल्यांकडून मागितलेली असते. तरी दाव्याची प्रत वकिलाला दाखवून 'आमच्याविरुद्ध पैशाची मागणी नाही' याची खात्री करून घ्या.

ही वाट आपल्याकडे संगीतानेच पाडली. २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने पुरवठादारांना साँग्स डॉट पीके ही साइट बंद करायला लावली. नंतर १० एप्रिल २०१९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने 'डायनॅमिक' मनाई मान्य केली, म्हणजे तीच साइट नव्या नावाने आली तर नवा दावा न लावता ते नाव यादीत घालता येतं. त्यामुळे एका आदेशामागे पुरवणी याद्या येत राहतात आणि प्रत्येक यादी अमलात आणावी लागते.

लक्षात ठेवा, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली सरकार स्वतःहून साइट बंद करतं त्या कारणांत कॉपीराइट नाही. म्हणून कागदावर न्यायालयाचं नाव आणि दावा क्रमांक असलाच पाहिजे. दूरसंचार विभागाचं पत्र असेल तर त्यातही तो संदर्भ असतो.

११. आदेशाप्रमाणे ब्लॉक केलं आणि भलत्याच साइट बंद पडल्या. काय चुकलं?

बहुतेक वेळा आयपी ॲड्रेस ब्लॉक केलेला असतो. चोरीच्या साइट मोठ्या सीडीएनमागे (अनेक साइटचा मजकूर पोचवणाऱ्या सामायिक सर्व्हरमागे) असतात आणि तिथे एका आयपीवर शेकडो निरपराध साइट बसलेल्या असतात. डोमेन (साइटचं नाव) दिलं असेल तर तुमच्या डीएनएस रिझॉल्वरवर (नावावरून साइटचा आयपी शोधणाऱ्या सर्व्हरवर) फक्त ते डोमेन अडवा. दुसरी चूक म्हणजे टायपिंगची. याद्या पीडीएफमध्ये येतात, हाताने उतरवू नका.

आदेशात विशिष्ट पानाचा पत्ता असेल आणि साइट एचटीटीपीएसवर (सांकेतिक जोडणीवर) असेल, तर तुम्हाला फक्त डोमेन दिसतं, पान दिसत नाही. अशा वेळी अख्खी साइट परस्पर बंद करू नका. मद्रास उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका चित्रपटाच्या प्रकरणात आदेश विशिष्ट पत्त्यांपुरताच आहे असं स्पष्ट केलं होतं. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये पडताळणी न केलेल्या याद्यांवर सरसकट बंदी द्यायला नकार दिला. अडचण लिहून दावेदाराच्या वकिलाला कळवा.

बँडविड्थ वरच्या कंपनीकडून घेत असाल तर तिने ब्लॉक केलंय असं गृहीत धरू नका. तुमच्या ग्राहकाच्या बाजूने एनएसलुकअप (नावाचा आयपी तपासणारी कमांड) चालवा, निकालाचा तारखेसह स्क्रीनशॉट काढा आणि तो आदेशाच्या फाइलला लावा.

१२. आमच्या ऑफिसात गाणी-सिनेमांचा लोकल सर्व्हर आहे. ग्राहकांना डेटा न जाता फुल स्पीडने मिळतं. हे चालतं ना?

चालत नाही. आज बंद करा. इथे तुम्ही वायर पुरवणारे राहत नाही. प्रत ठेवणारे आणि लोकांपर्यंत पोचवणारे तुम्हीच होता. प्रश्न १ मधलं एकही संरक्षण याला लागू नाही, आणि 'ग्राहकाने अपलोड केलं' ही सबब सर्व्हर तुमच्या रॅकमध्ये असताना टिकत नाही. पॅम्फ्लेटवर 'अनलिमिटेड गाणी फ्री' छापलं असेल तर तो तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे. धंद्यासाठी जाणूनबुजून केलेल्या भंगाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ च्या निट प्रो प्रकरणात ठरवलं.

मोठ्या कंपन्यांनी स्वतः बसवून दिलेले अधिकृत कॅशे सर्व्हर ही निराळी गोष्ट. त्यांचा करार फाइलमध्ये ठेवा.

१३. मोबाइल दुकानात 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील' अशी पाटी आहे. इंटरनेट कंपनीचं आहे, मग जबाबदार कंपनी ना?

नाही, दुकानदार. गाणी तो विकतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय चोरीच्या प्रती आणि त्या बनवण्याची साधनं जप्त करू शकतो, म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर जातो. जप्तीनंतर १५ दिवसांत वस्तू परत मागण्याचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येतो.

१४. लातूरला आमची अभ्यासिका आहे, वायफाय सगळ्यांना खुलं. कोणी गाणी उतरवली तर?

फक्त वायफाय पुरवता म्हणून तुम्ही थेट दोषी नाही. युरोपच्या न्यायालयापुढे २०१६ मध्ये सोनी म्युझिकशी संबंधित असंच एक प्रकरण आलं होतं, एका जर्मन दुकानदाराच्या खुल्या वायफायचं. भरपाई त्याच्याकडून मागता येणार नाही, पण पासवर्ड लावून वापरणाऱ्याची ओळख ठेवायला सांगता येईल, असं उत्तर मिळालं. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण शहाणपण तेच आहे. मोबाइलवर ओटीपी पाठवणारं लॉगिन लावा, टोरेंटची पोर्ट बंद करा. पैसे घेऊन कॉम्प्युटरही देत असाल तर तुम्ही सायबर कॅफे ठरता, आणि २०११ च्या नियमांप्रमाणे ओळखपत्र बघून नोंदी किमान १ वर्ष ठेवाव्या लागतात.

१५. मी ग्राहक आहे. नुसतं ऐकलं तरी गुन्हा होतो का?

ऐकणं आणि उतरवणं वेगळं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्या त्याच प्रकरणात (प्रश्न ११) ब्लॉक केलेल्या पानावरची 'बघणं हा गुन्हा' अशा अर्थाची धमकी बदलायला लावली होती. गुन्हा बघण्यात नसून विनापरवाना वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्याने देण्यात आहे, असं न्यायालय म्हणालं.

टोरेंटची गोष्ट निराळी, कारण त्यात उतरवता उतरवता तुम्ही तेच गाणं इतरांना वाटतही असता. नोटिशी जवळजवळ सगळ्या टोरेंटवरच येतात त्या म्हणून.

१६. माझी गाणी चोरीच्या साइटवर आहेत. साइटवाला सापडत नाही. इंटरनेट कंपनीलाच धरू का?

ती शेवटची पायरी ठेवा. आधी हक्क खरंच तुमच्याकडे आहे का ते बघा. ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक कायद्याने निर्माता असतो, गायक नाही. भीमगीतं, लोकगीतं गाणाऱ्या कितीतरी कलावंतांनी कॅसेट कंपन्यांना कोऱ्या कागदावर सह्या दिल्या. तो कागद शोधा. हक्क लिहून दिलेले असतील पण मुदत लिहिलेली नसेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९(५) प्रमाणे ती ५ वर्षं धरतात. पैठणच्या एकनाथ महाराजांच्या भारुडावर कोणाचा कॉपीराइट नाही, पण तुम्ही स्वतः केलेल्या त्याच्या रेकॉर्डिंगवर तुमचा आहे. नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुराव्याला बळ येतं. शुल्क ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये, गीत किंवा चालीला प्रत्येकी ५००.

मग क्रमाने जा : गाणं जिथे आहे तो प्लॅटफॉर्म, नंतर होस्टिंग कंपनी, नंतर सर्च इंजिन. प्रत्येक ठिकाणी गाण्याचं नाव आणि पूर्ण लिंक द्या. 'माझी सगळी गाणी काढा' या तक्रारीला, प्रश्न ३ मधल्या कारणाने, काही किंमत नाही.

एवढ्यावरही साइट उभीच असेल तर दावा. कलम ६२ मुळे तो तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या जिल्ह्यात लावता येतो. नांदेडच्या कलावंताला दिल्लीला जायची गरज नाही. ३ लाखांवरचा दावा वाणिज्य स्वरूपाचा ठरतो आणि तातडीची मनाई मागितली नसेल तर आधी मध्यस्थी करावी लागते. ब्लॉकिंगसाठी पुरवठादारांना त्याच दाव्यात प्रतिवादी करा.

१७. गाणं फार जुनं आहे. तरी नोटीस येऊ शकते?

ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९६० साली निघालेल्या रेकॉर्डचा २०२० च्या अखेरीस संपला. पण गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. रेकॉर्ड मोकळी झाली तरी शब्द बांधलेले असू शकतात.

१८. ग्राहक व्हीपीएन (सगळा डेटा दुसऱ्या सर्व्हरमार्फत लपवून नेणारं ॲप) लावून ब्लॉक केलेल्या साइटवर जातो. आदेश मोडल्याचा ठपका आमच्यावर?

नाही. आदेश तुमच्या नेटवर्कवरून ती साइट अडवण्याचा असतो; व्हीपीएनच्या बोगद्यातून काय गेलं ते तुम्हाला दिसत नाही आणि ते फोडून बघण्याची अपेक्षाही नाही. ग्राहकाने स्वतः दुसरा डीएनएस टाकला तरी मुद्दा तोच, फक्त आदेशात डीएनएसखेरीज आणखी पद्धत सांगितली असेल तर तीही लावलेली हवी. अडचण येते ती तुमचा माणूस ग्राहकाच्या घरी जाऊन 'ती साइट चालत नाही का? हे ॲप टाका' म्हणून व्हीपीएन बसवून देतो तेव्हा. ती मदत झाली, आणि कलम ७९(३) मधला शब्द तोच आहे. बसवणीला जाणाऱ्या पोरांना हे तोंडी नको, लेखी सांगून सही घ्या.